बोरूने दाबलेल्या पाट्या: मेसोपोटेमियाच्या क्यूनिफॉर्म लेखांच्या हस्तनिर्मित प्रतिकृती

मेसोपोटेमियातील, म्हणजे प्राचीन इराकच्या परिसरातील, क्यूनिफॉर्म (पाचरीच्या आकाराच्या चिन्हांच्या लिपीतील) लेखांच्या प्रतिकृती आता ऑनलाइन सहज मिळतात, पण त्यांतल्या बऱ्याच जणींच्या मुळाशी एक चुकीची समजूत असते, ती म्हणजे ही अक्षरे मातीत कोरली जात असत. दगडावरचे लेख छिन्नीने कोरले जात हे खरे, परंतु मातीच्या पाटीवर कोरण्याचा प्रश्नच नव्हता. गाळलेल्या, ओलसर मातीवर बोरूचे टोक तिरके टेकवायचे, दाबायचे आणि उचलायचे. एवढ्याने एका टोकाला रुंद आणि दुसरीकडे निमुळती होत गेलेली पाचर उमटते, आणि अशा आडव्या, उभ्या व तिरप्या पाचरींच्या जुळणीतून एकेक चिन्ह तयार होते. तीन हजारांहून अधिक वर्षे, म्हणजे इसवी सनापूर्वीच्या चौथ्या सहस्रकाच्या अखेरीपासून इसवी सनाच्या पहिल्या शतकापर्यंत, सुमेरियन, अक्कडियन, हित्ती अशा एकमेकींशी नाते नसलेल्या भाषा या पद्धतीने लिहिल्या गेल्या. त्यामुळे अशी प्रतिकृती विकत घेताना मी पहिल्यांदा पाहतो ते एवढेच, की ही पाटी लिहिलेली आहे की नुसते तिचे चित्र काढलेले आहे.

येथे ज्या प्रतिकृतींचे परीक्षण करीत आहे त्या ब्रिटनमध्ये एकटीने काम करणाऱ्या एका कुंभार बाईंनी केलेल्या आहेत. ‘हस्तनिर्मित’ हा शब्द या बाजारात फार सैलपणे वापरला जातो. रबराच्या साच्यात रेझिन ओतून वरून तपकिरी रंगाचा हात फिरवला तरी ती वस्तू हस्तनिर्मित म्हणून विकली जाते. या बाई साचा वापरत नाहीत. मूळ पाटीची छायाचित्रे आणि अभ्यासकांनी काढलेली रेखांकने समोर ठेवून त्या प्रत्येक पाटी ओल्या मातीवर नव्याने लिहितात, सावकाश वाळवतात आणि भट्टीत भाजतात. मी त्यांच्याकडून एआ-नासिरला लिहिलेले तक्रारपत्र, दोनच्या वर्गमुळाची गणिती पाटी, गिल्गमेश महाकाव्यातील महापुराची पाटी आणि भाचीच्या नावाची एक छोटी पाटी अशा वस्तू मागवल्या. सोबत लिहिण्याचा एक बोरूही घेतला. हेतू शोभेचा नव्हता. शाळेतल्या मुलांना इतिहास शिकवताना हातात देता येईल अशी वस्तू हवी होती, आणि काचेमागच्या मूळ पाटीला कोणी हात लावू देत नाही.

यांतले तक्रारपत्र उत्कृष्ट आहे आणि केवळ त्यासाठीही या कारागिराकडे मागणी नोंदवावी असे मी म्हणेन. मूळ पाटी ब्रिटिश म्यूझियममध्ये आहे. ती इराकमधील उर या नगरातली, इ.स.पू. १७५०च्या आसपासची. तिची उंची ११.६ सेंटिमीटर, रुंदी ५ सेंटिमीटर आणि जाडी २.६ सेंटिमीटर आहे, म्हणजे मोबाइल फोनपेक्षा थोडी लहान पण तिप्पट जाड. नान्नी नावाच्या माणसाने एआ-नासिर या तांब्याच्या व्यापाऱ्याला तीत खडसावले आहे. चांगल्या प्रतीच्या लगडी देण्याचे कबूल करून तू माझ्या माणसापुढे हलका माल ठेवलास, घ्यायचा तर घे नाहीतर चालता हो असे त्याला सुनावलेस, आणि माझी माणसे शत्रूच्या मुलखातून जीव धोक्यात घालून तुझ्याकडे आली असताना त्यांना रिकाम्या हाताने परत पाठवलेस, असा त्याचा रोख आहे. यापुढे माझ्याच अंगणात एकेक लगड पारखून घेईन आणि पसंत न पडलेली परत करीन, असेही त्याने शेवटी बजावले आहे. एआ-नासिर हे तांबे दिल्मुनहून, म्हणजे आजच्या बहारीनच्या परिसरातून आणत असे. याच समुद्रमार्गावर त्याआधीच्या काळात सिंधू खोऱ्याचा माल जात होता. अक्कडचा राजा सार्गोन याने मेलुहा, मगन आणि दिल्मुन येथील जहाजे आपल्या धक्क्याला लागतात असे अभिमानाने लिहवले आहे, आणि त्यांतला मेलुहा म्हणजे सिंधू संस्कृतीचा प्रदेश असे बहुतेक अभ्यासक मानतात. वर्गात हे पत्र काढले की हडप्पाचा धडा आणि उरचा धडा आपोआप एका नकाशावर येतात.

प्रतिकृतीकडे वळू. टेबलावरचा दिवा बाजूला, पाटीच्या पातळीजवळ आणून प्रकाश तिरपा पाडला की लिहिणाऱ्या हाताचे सगळे गुणदोष उघडे पडतात. पहिल्या ओळीच्या सुरुवातीला ‘अ-ना’, म्हणजे ‘अमुक यास’, अशी दोन चिन्हे आहेत. बाबिलोनी पत्रांचा हा ठरलेला मायना. त्यातल्या ‘अ’ या चिन्हात डावीकडे एक उभी पाचर आणि तिच्या उजवीकडे एकावर एक अशा दोन छोट्या उभ्या पाचरी असतात. तिरप्या प्रकाशात पाहिले तर खालच्या छोट्या पाचरीच्या डोक्याने वरच्या पाचरीची शेपटी किंचित चेपलेली दिसते, म्हणजे वरची आधी आणि खालची नंतर दाबली गेली. हा क्रम सुईने कोरलेल्या प्रतिकृतीत कधीच येत नाही, कारण कोरताना रेषेची फक्त बाह्याकृती उतरते. प्रत्येक पाचरीच्या तळाशी दोन सपाट पृष्ठे मिळून झालेली स्वच्छ धार आहे, कडेला मातीचा कण उचकटलेला नाही, आणि ओळ उजव्या काठापर्यंत आल्यावर जागा पुरली नाही तेथे शेवटची चिन्हे पाटीच्या जाडीवर वळवलेली आहेत. त्या काळचे लेखनिक असेच करीत.

पाटीचा आकारही बरोबर साधला आहे, आणि हा तपशील विक्रेते सहसा दुर्लक्षित करतात. अस्सल पाट्यांची पुढची बाजू तुलनेने सपाट आणि मागची अधिक फुगीर असते. लिहिलेली बाजू खाली ठेवून दुसरी बाजू लिहिताना हे घडते, आणि अभ्यासकांनाही तुटक्या तुकड्याची बाजू ठरवायला त्याचा उपयोग होतो. शिवाय पाटी पुस्तकाच्या पानासारखी डावीकडून उजवीकडे उलटवत नसत, खालचा काठ वर येईल अशी फिरवत. त्यामुळे मजकूर पुढच्या बाजूवरून खालच्या काठावर आणि तेथून थेट मागच्या बाजूच्या माथ्यावर सलग वाहतो. याआधी दुसऱ्या एका विक्रेत्याकडून मी हेच पत्र स्वस्तात घेतले होते. त्यात मागची बाजू पानासारखी उलटवून लिहिलेली होती, सबब वाचणाऱ्याला पाटी दोनदा फिरवावी लागे. वर भिंतीवर टांगण्यासाठी एक भोकही पाडले होते. त्या वस्तूविषयी आणखी लिहिण्यासारखे काही नाही.

मातीविषयी मात्र थोडे विस्ताराने लिहायला हवे. तैग्रिस आणि युफ्रेटिस या नद्यांच्या गाळाच्या मातीत चुन्याचे प्रमाण बरेच असते, आणि भाजल्यावर ती आपल्या कौलांसारखी लालभडक होत नाही. फिकट पिवळसर, कधी गुलाबी, कधी हिरवट झाक येते. बाईंनी निवडलेली माती फिकट बदामी आहे, त्यामुळे पहिल्या नजरेतच ती टेराकोटाच्या बाजारी वस्तूंपेक्षा वेगळी ठरते. दुसरा मुद्दा आकसण्याचा. ओली माती वाळताना आणि भाजताना मिळून साधारण दहा टक्क्यांच्या आसपास आकसते, म्हणून मूळ मापाची वस्तू हवी असेल तर ओली पाटी तेवढी मोठी करावी लागते आणि बोरूचे टोकही त्या प्रमाणात जाड ठेवावे लागते. माझ्याकडे आलेल्या तक्रारपत्राची मापे मूळ मापांशी दोन-तीन मिलिमीटरांच्या फरकाने जुळतात, हे मोजून पाहिले आहे. भाजण्याच्या बाबतीत ही प्रतिकृती मुळाशी प्रामाणिक नाही, पण ती तडजोड मला मान्य आहे. त्या काळी बहुतेक पाट्या नुसत्या उन्हात किंवा सावलीत वाळवल्या जात. भिजवून, मळून तीच माती पुन्हा वापरता येत असे. इ.स.पू. ६१२मध्ये असीरियाची राजधानी निनेवे जळाली तेव्हा राजा अशुरबनिपालच्या ग्रंथसंग्रहातील अनेक पाट्या त्या आगीत भाजल्या गेल्या, आणि ज्या आगीत कागद किंवा चामडे राख झाले असते तीत या पाट्या उलट पक्क्या झाल्या. कच्ची पाटी आपल्याकडच्या पावसाळ्यात, त्यातही मुलांच्या ओल्या हातांत, फार काळ टिकणार नाही, तेव्हा भाजलेली घेणेच शहाणपणाचे.

दोनच्या वर्गमुळाची पाटी ही माझी वैयक्तिक आवड आहे, त्यामुळे तिच्याबद्दलचे माझे मत थोडे झुकते असेल. मूळ पाटी येल विद्यापीठाच्या बाबिलोनी संग्रहात आहे, तिचा क्रमांक वायबीसी ७२८९. ती इ.स.पू. १८०० ते १६०० या काळातली, तळहातावर मावेल अशी गोलसर, बहुधा एखाद्या विद्यार्थ्याने लिहिलेली. तिच्यावर एक चौरस आणि त्याचे दोन कर्ण आहेत. बाजूवर ३० हा आकडा आहे. कर्णावर १, २४, ५१, १० असे आकडे आहेत आणि त्यांच्याखाली ४२, २५, ३५. बाबिलोनी पद्धत साठ या पायाची असल्याने पहिली रांग म्हणजे १ अधिक २४ भागिले ६०, अधिक ५१ भागिले ३६००, अधिक १० भागिले २,१६,०००, म्हणजेच १.४१४२१२९६. दोनच्या वर्गमुळाची खरी किंमत १.४१४२१३५६ आहे, तेव्हा चूक एकाच्या दहा लाखाव्या भागापेक्षाही कमी आहे. आपल्या बौधायन शुल्बसूत्रात याच संख्येसाठी दिलेल्या रीतीने ५७७ भागिले ४०८, म्हणजे १.४१४२१५६९ येते. शाळेत हे दोन आकडे फळ्यावर शेजारी लिहिले की मुले स्वतःहून कॅल्क्युलेटर काढतात.

प्रतिकृतीत एकक उभ्या पाचरीने आणि दशक बोरूच्या कोपऱ्याने उमटवलेल्या कोनाकृती खुणेने दाखवलेले आहेत. ५१साठी पाच कोन आणि एक पाचर, २४साठी दोन कोन आणि चार पाचरी, सगळे मोजून नीट आहे. चौरसाच्या रेषा मात्र मला जरा जास्तच सरळ वाटल्या. मूळ पाटीवर त्या हाताने मारलेल्या, किंचित हललेल्या आहेत. येथे पट्टी लावल्यासारख्या दिसतात. विद्यार्थ्याची पाटी विद्यार्थ्याचीच वाटायला हवी होती. तरीही खालच्या काठावर बाईंच्या बोटाचा ठसा तसाच राहिला आहे आणि तो पुसला नाही हे बरे झाले, कारण अस्सल पाट्यांवरही लिहिणाऱ्यांच्या बोटांचे ठसे सापडतात.

महापुराच्या पाटीने निराशा केली. गिल्गमेश महाकाव्याची ही अकरावी पाटी निनेवेच्या ग्रंथसंग्रहातली, इ.स.पू. सातव्या शतकातली, १८७२मध्ये जॉर्ज स्मिथने ब्रिटिश म्यूझियममध्ये तिचा अर्थ लावला आणि बायबलमधल्या प्रलयकथेशी तिचे साम्य पाहून लंडनमध्ये खळबळ उडाली. मूळ तुकडा सुमारे १५ सेंटिमीटर उंच आणि १३ सेंटिमीटर रुंद आहे, पण त्यावरची चिन्हे जेमतेम काही मिलिमीटर उंचीची, स्तंभांत दाटीने बसवलेली, राजदरबारी लेखनिकाच्या सरावलेल्या हाताची आहेत. एवढे बारीक लेखन आज हाताने, त्याच मापात, त्याच ओघात उतरवणे जवळजवळ अशक्य असावे. बाईंनी चिन्हे मोठी केली, परिणामी ओळी कमी बसल्या आणि मजकूर मधूनच तोडावा लागला. त्याहून खटकणारी गोष्ट म्हणजे तुटके काठ. मूळ पाटी तुकडे जोडून उभी केलेली आहे, तिचे भंगलेले काठ खडबडीत आणि अनियमित आहेत. प्रतिकृतीत ते ओल्या मातीला हाताने चिमटे काढून केल्यासारखे मऊ, गोलसर झाले आहेत. अशा पाटीसाठी मूळ वस्तूवरून घेतलेल्या साच्याची प्लास्टरमधली प्रत घेणे केव्हाही चांगले. ज्या पाटीचे लेखन हाताच्या आवाक्यातले आहे तेथेच हस्तनिर्मितीला अर्थ आहे, आणि पत्रे, पावत्या, शाळकरी पाट्या यांचे लेखन तसे असते.

नावाच्या पाटीचा व्यवहार मला सर्वांत जास्त आवडला, कारण त्यात विक्रेत्याची समज कळते. बाजारात नावाच्या पाट्या करणारे बरेच जण इंग्रजी वर्णमालेतल्या प्रत्येक अक्षरासाठी एकेक क्यूनिफॉर्म चिन्ह ठरवून टाकतात आणि संगणकावरच्या फाँटमधले आकार जसेच्या तसे ओढतात. सीरियाच्या किनाऱ्यावरील उगारितमध्ये तीस चिन्हांची पाचरीची वर्णमाला होती खरी, पण बाबिलोनची लिपी उच्चारखंडांची आहे. तीत ‘बा’, ‘बी’, ‘बू’ यांना वेगवेगळी चिन्हे, ‘अब’, ‘इब’ यांना आणखी निराळी. भाचीचे नाव धनश्री. बाईंनी मागणी स्वीकारण्याआधी उच्चार विचारून घेतला, अक्कडियनमध्ये महाप्राण नाही म्हणून ‘ध’च्या जागी ‘द’ घ्यावा लागेल हे सांगितले, आणि ‘दा-ना-अश-री’ अशी फोड पाठवून माझी संमती घेतली. नाव स्त्रीचे की पुरुषाचे हेही विचारले, कारण स्त्रीच्या नावाआधी तसे दाखवणारे एक चिन्ह लिहिण्याची रीत होती. ‘अश’ हे चिन्ह म्हणजे केवळ एक आडवी पाचर. चार उच्चारखंडांच्या दाटीत ती एकटी पाचर इतकी नेटकी बसली आहे की भाचीने आधी तिथे बोट ठेवले. मराठी नावे देणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे की अक्कडियनमध्ये ‘ओ’ नाही, ‘च’ आणि ‘ज’ नाहीत, ट-वर्ग नाही आणि ‘ळ’ही नाही. विठ्ठल ‘वि-इत-तल’ होऊन निभावेल. ज्ञानोबाचे मात्र हाल होतील. ज्या विक्रेत्याला यातले काहीच विचारावेसे वाटत नाही, त्याच्याकडून नावाची पाटी घेऊ नये.

सोबत आलेला बोरू लाकडाचा, चौकोनी टोकाचा आहे. मूळचे बोरू नदीकाठच्या बोरूच्या काडीचे असत, पण पाचर उमटवायला धारदार कोपरा असलेली कोणतीही काडी चालते. गणपतीच्या मूर्तींसाठी मिळणारी शाडूची माती कणकेइतकी मऊ मळून तिच्या पाट्या केल्या आणि मुलांकडून लिहवून घेतले; बारीक कणांमुळे शाडूवर पाचर फार सुबक उमटते. फक्त ती लवकर कोरडी पडते, तेव्हा हाताशी ओले फडके ठेवावे आणि पाटी बोटभर जाड करावी, नाहीतर वाळताना कडेला तडे जातात.

प्रत्येक पाटीच्या काठावर, भाजण्याआधीच, प्रतिकृती असल्याची खूण आणि वर्ष दाबलेले आहे. काही ग्राहकांना ही खूण खुपते असे दिसते; माझ्या मते ती नसेल तर वस्तू घेऊच नये. १९९०पासून आणि विशेषतः २००३च्या युद्धानंतर इराकमधील संग्रहालये व उत्खननस्थळे यांची प्रचंड लूट झाली, संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने २००३च्या १४८३ क्रमांकाच्या ठरावाने इराकमधून बेकायदा बाहेर गेलेल्या सांस्कृतिक वस्तूंच्या व्यापारावर बंदी आणली, आणि तरीही पाट्या खोट्या कागदपत्रांच्या आधारे विकल्या जात राहिल्या. गिल्गमेशच्या स्वप्नाची पाटी २०१४मध्ये १६ लाख डॉलरांहून अधिक किमतीला विकली गेली होती; चोरीची निघाल्यावर अमेरिकेने ती जप्त करून २०२१मध्ये इराकला परत केली. अशा बाजारात खूण नसलेली, मुद्दाम जुनाट केलेली प्रतिकृती पुढे अस्सल म्हणून खपवली जाण्याचा धोका खराच आहे. बाईंच्या पाट्यांवर चहाच्या पाण्याचा, धुळीचा किंवा काळ्या रंगाचा कसलाही लेप नाही, हेही मला योग्य वाटले.

पाटीसोबत येणाऱ्या चिठ्ठीत मूळ वस्तूचा संग्रहालय क्रमांक, रोमन लिपीत ओळीनुसार वाचन आणि इंग्रजी भाषांतर असते. ती उपयुक्त आहे, पण ही लिपी वाचली कशी गेली याविषयी तीत एक ओळही नाही. निदान हेन्री रॉलिन्सनचे नाव तरी हवे होते. हा माणूस १८२७मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यात उमेदवार म्हणून मुंबईत उतरला आणि पुढे इराणमधील बेहिस्तूनच्या कड्यावरचा त्रैभाषिक लेख त्याने जिवावर उदार होऊन उतरवून घेतला. १८५७मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीने त्याच्यासह चौघांना एकच लेख स्वतंत्रपणे वाचायला दिला, चौघांची भाषांतरे बरीचशी जुळली आणि अक्कडियनचे वाचन सर्वमान्य झाले. मुलांसाठी ही हकिकत मी मराठीत लिहून त्या चिठ्ठीला जोडली आहे.

बांधणी चोख होती. प्रत्येक पाटी लोकरीसारख्या मऊ कापडात, स्वतंत्र पुठ्ठ्याच्या डब्यात आली आणि काहीही फुटले नाही. तक्रारपत्र टपाल धरून साडेतीन हजार रुपयांच्या घरात पडले, गणिती पाटी आणि नावाची पाटी त्याहून बऱ्याच कमी किमतीत आल्या. आयात शुल्काची तयारी मनात ठेवावी, आणि मागणी नोंदवल्यावर महिना-दीड महिना थांबावे लागेल, कारण पाटी मागणी आल्यावरच लिहिली जाते आणि घाईने वाळवली तर तडकते. शाळा, ग्रंथालये आणि इतिहासाचा नाद असलेली घरे यांनी तक्रारपत्र अवश्य घ्यावे. गणिताच्या शिक्षकांनी गोल पाटी घ्यावी. महापुराची पाटी या सर्वांत महाग होती, आणि तिच्यासाठी मी पुन्हा पैसे मोजणार नाही.